दारातला डबा आणि वावरातले खत

उकिरड्याचेही बारा वर्षांनी पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रूढ झाली त्या काळी उकिरड्यावर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेले कुटार, चुलीची राख, भाजीची देठे आणि अंगणातला केर यांखेरीज फारसे काही पडत नव्हते. जे पडे ते कुजणारे असे. आज आपल्या गावातील कोणत्याही उकिरड्यात फावडे घालून पाहावे. शेणाबरोबर शाम्पूच्या पुड्या, तंबाखूची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, सलाईनची नळी, फुटकी बाटली आणि एखादी कीटकनाशकाची रिकामी कुपीही निघते. यांचे पांग बारा काय, शंभर वर्षांतही फिटणार नाहीत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, घरातील कचरा वेगळा ठेवण्याचे नियम म्हणजे शहरातल्या लोकांचे काम, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात शहरातील गृहिणीने भाजीची साल कोणत्या डब्यात टाकली यावर आपल्या वावरात येणाऱ्या खताची प्रत ठरते. म्हणून हे नियम आपणही समजून घ्यावेत आणि आपल्या घरी पाळावेत.

काळे म्हणजे कुजलेले नव्हे

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बोलावले म्हणून मी त्यांचे मिरचीचे वावर पाहण्यास गेलो होतो. शेणखत महाग झाले म्हणून त्यांनी उन्हाळ्यात एका शहराच्या कचरा डेपोवरून दोन ट्रॉल्या काळे खत आणून पसरले होते. पहिल्या पावसात माती धुपली आणि वावरभर प्लॅस्टिकच्या चिंध्या वर आल्या. वाऱ्याने त्या धुऱ्यावरच्या बोरीबाभळींना लटकल्या. डवरणी करताना बैलाच्या खुरात काच घुसली. बैल पंधरा दिवस बसून राहिला. मिरचीची रोपे लावल्यापासून पिवळी पडली होती, ती वेगळीच. "साहेब, खत तर चांगलं काळंभोर होतं," एवढेच ते म्हणत होते.

त्यांची चूक एवढीच, की त्यांनी रंगावर विश्वास ठेवला. डेपोवरील ढिगात हवा खेळत नाही. अशा जागी पदार्थ सडतो आणि काळाही पडतो, पण पूर्ण कुजत नाही. अर्धवट कुजलेल्या पदार्थात कर्बाचे प्रमाण नत्राच्या मानाने फार असते. असा पदार्थ जमिनीत गेला की तो कुजविणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. रोपे पिवळी पडण्याचे एक कारण हे. दुसरे कारण क्षारांचे. शिळे अन्न, लोणचे, खारवलेले पदार्थ यांतले मीठ कुजून नाहीसे होत नाही, ते खतातच राहते.

काच व प्लॅस्टिक निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारी गोष्ट अधिक वाईट. घड्याळाचे किंवा विजेरीचे सेल, फुटलेली ट्यूबलाईट, रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात मिसळले की त्यांतले शिसे, कॅडमियम, पारा हे जड धातू कुजणाऱ्या रसात उतरतात. नंतर कितीही बारीक चाळणीने चाळले तरी ते निघत नाहीत. नत्र पिकाला मिळते किंवा उडून जाते, मीठ चांगल्या पावसाने खाली धुपते, पण जड धातू एकदा जमिनीच्या वरच्या थरात बसले की आपल्या हयातीत हलत नाहीत. म्हणूनच कचरा डेपोवर नेऊन निवडणे पुरेसे होत नाही, तो घरातच वेगळा ठेवावा लागतो. सर्व नियमांचे मूळ हे आहे.

नियम काय सांगतात

देशात शहरी कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २००० साली आले. त्यांची जागा २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि कचरा करणाऱ्या प्रत्येक घरावर तो तीन भागांत वेगळा ठेवण्याची जबाबदारी आली: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. केंद्र सरकारने २०२६ च्या जानेवारीत पुन्हा नवे नियम अधिसूचित केले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. यात तीनाचे चार भाग झाले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. पूर्वी सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात देण्याची मुभा होती. आता त्यांचा भाग निराळा आहे.

ओल्यासाठी हिरवा व सुक्यासाठी निळा डबा ही वाटणी गेल्या काही वर्षांत शहरांत रुळली आहे. परंतु डब्याच्या रंगापेक्षा त्यात काय पडते हे महत्त्वाचे. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, शेगाव, मेहकर अशा नगरपरिषदांच्या गावी आपले नातेवाईक असतात, मुले शिकायला खोली घेऊन राहतात. त्यांच्याकडून पुढील गोष्टी नेहमी विचारल्या जातात.

भाजीपाल्याची साले, उष्टे अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, मटणाची हाडे, निर्माल्य हे सर्व ओल्यात. निर्माल्यातला हाराचा दोरा व प्लॅस्टिक मात्र काढून घ्यावे. दुधाची पिशवी सुक्यात, पण धुऊन वाळवून. पिशवीचा कापलेला तुकडा बाजूला पडू न देता पिशवीलाच लागून राहील अशा रीतीने कापावी, कारण हेच लहान तुकडे चाळणीतून खतात उतरतात. नारळाची करवंटी कुजण्यास फार काळ घेते. ती ओल्यात टाकण्याऐवजी चुलीत जाळलेली बरी. औषधांच्या जुन्या गोळ्या, सुया, सेल, ट्यूब, थर्मामीटर, रंगाचे व कीटकनाशकाचे डबे हे विशेष काळजीच्या भागात. ते नेमून दिलेल्या संकलन केंद्रावर द्यावयाचे असतात. झाडांचा पालापाचोळा ओल्या डब्यात कोंबू नये, तो आवारातच वेगळा साठवावा. घराच्या दुरुस्तीचे विटा-मातीचे डबर हाही निराळाच प्रकार. आणि यांपैकी काहीही उघड्यावर जाळणे २०१६ च्या नियमांपासूनच मना आहे.

एक तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा अधिक माणसांचा कार्यक्रम करावयाचा असेल तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि तेथील कचरा जागीच वेगळा करावा, असे २०१६ च्या नियमांत सांगितले होते. आपल्याकडील लग्ने व तेरव्या पाहता ही अट किती घरांना लागू होते ते सांगायला नको. एका पंगतीतून जेवढे उष्टे निघते तेवढे एका कुटुंबाच्या वर्षभराच्या ओल्या कचऱ्यातूनही निघत नसेल. पण पत्रावळी थर्माकोलच्या आणि पाण्याचे पेले प्लॅस्टिकचे असले तर ते सगळे वाया जाते. महाराष्ट्रात थर्माकोल व एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताट-पेल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

शहराचे कंपोस्ट घ्यावे का?

घ्यावे, पण तपासून. वेगळा ठेवलेल्या ओल्या कचऱ्यापासून तयार केलेल्या खताला खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये 'शहरी कंपोस्ट' म्हणून स्थान आहे. या आदेशातील मानकांप्रमाणे त्यात सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र ०.८ टक्के, स्फुरद ०.४ टक्के व पालाश ०.४ टक्के असावे लागते. कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, सामू ६.५ ते ७.५, ओलावा १५ ते २५ टक्के आणि क्षारांचा निर्देशक असलेली विद्युत वाहकता ४ डेसी सायमन प्रति मीटरपेक्षा अधिक नको. ९० टक्के खत ४ मि.मी. चाळणीतून गेले पाहिजे. जड धातूंनाही मर्यादा आहे. एक किलो खतात शिसे १०० मि.ग्रॅ., कॅडमियम ५ मि.ग्रॅ. आणि पारा ०.१५ मि.ग्रॅ. यापेक्षा जास्त चालत नाही. तपासणीत उतरलेले नगरपालिकांचे खत विकण्यासाठी राज्याच्या नगरविकास विभागाने 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिले आहे. खत घेताना हे नाव आणि पिशवीवरील पृथक्करण पाहावे. पृथक्करणाचा कागद दाखविता येत नसेल तर ते खत फुकट मिळाले तरी नाकारावे.

आता मोलाचा हिशेब. एक टन प्रमाणित शहरी कंपोस्टमध्ये साधारण ८ किलो नत्र, ४ किलो स्फुरद व ४ किलो पालाश असते. युरियाच्या ४५ किलोच्या एका पिशवीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे एका पिशवीइतक्या नत्रासाठी अडीच टनांहून जास्त कंपोस्ट लागेल, आणि त्यातलेही सगळे नत्र पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही, जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. तेव्हा कंपोस्ट हे युरियाला पर्याय म्हणून घेऊ नये. ते जमिनीतील सेंद्रिय कर्बासाठी घ्यावे. एका टनात किमान १२० किलो कर्ब वावरात जातो, आणि सोयाबीन-हरभरा व कपाशी-तुरीखाली वर्षानुवर्षे राहिलेल्या, शेणखत न मिळालेल्या आपल्या जमिनींना त्याचीच गरज आहे.

हे खत सर्वांना पुरेल, असाही समज नको. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती, तीत शहरी लोक पाचव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे पाच लाखांहून अधिक. हिशेबापुरते माणशी रोज २०० ग्रॅम ओला कचरा धरला तर दिवसाला १०० टन होतात. कुजून त्याचे चौथा हिस्सा खत झाले तर वर्षाकाठी नऊ हजार टन. एकरी दोन टन टाकावयाचे म्हटले तर साडेचार हजार एकर. लाखो हेक्टर पेरणी असलेल्या जिल्ह्यात हे काहीच नाही. शहरालगतच्या भाजीपाला व फळबाग उत्पादकांना त्याचा उपयोग होईल. चाळीस किलोमीटर ट्रॅक्टर पळवून ते आणणे परवडणार नाही.

घरच्या घरी परीक्षा

पृथक्करणाचा कागद असला तरी खत हाताळून पाहावे. पक्व खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास असतो. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे समजावे. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवावे आणि मग उघडावे. दुर्गंधी आली तर खत अजून कुजत आहे. ढिगाच्या पोटात हात घातल्यावर गरम लागले तरी तोच अर्थ.

याहून खात्रीची परीक्षा बियांची. एका कुंडीत निव्वळ माती आणि दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घ्यावे. दोन्हींत मुगाचे किंवा मेथीचे मोजून पंचवीस-पंचवीस दाणे टाकावेत. आठ दिवसांनी उगवण मोजावी आणि रोपे उपटून मुळे पाहावीत. खताच्या कुंडीत उगवण स्पष्टपणे कमी असेल किंवा मुळांची टोके तपकिरी झाली असतील तर क्षार जास्त आहेत किंवा खत अपक्व आहे. जड धातू मात्र अशा परीक्षेने कळत नाहीत. त्यासाठी ढिगाच्या दहा-बारा ठिकाणांहून थोडे थोडे खत घेऊन, एकत्र मिसळून अर्धा किलोचा नमुना काढावा आणि अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या मृद विज्ञान व कृषी रसायनशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासणीबाबत विचारणा करावी.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विशेष जपावे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांचा काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे जमिनीत सोडियम आधीच जास्त आणि विहिरीचे पाणीही खारे. सेंद्रिय खताने अशा जमिनीत पाणी मुरणे सुधारते हे खरे, परंतु ते खत स्वतःच खारट असेल तर उपयोगापेक्षा अपाय अधिक. वाहकता तपासल्याशिवाय शहरी कंपोस्ट या पट्ट्यात वापरू नये. हिरवळीसाठी ताग किंवा धैंचा पेरून गाडणे तेथे अधिक सुरक्षित आहे.

आपल्या घरचा उकिरडा

शहराला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या परसात पाहू. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२०-२१ पासून सुरू झाला, त्यात गावाच्या घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये अशी तरतूद ठेवण्यात आली. या पैशातून कोठे खड्डे झाले, कोठे गाडी आली. पण खड्डा कितीही चांगला बांधला तरी त्यात घरातून मिसळलेलाच कचरा येत असेल तर पैसा फुकट.

शेतकऱ्याच्या घरात ओल्या कचऱ्यासाठी वेगळा डबा लागतोच असे नाही. उष्टे जनावरांना, साले शेळीला हा आपला जुना रिवाज उत्तम आहे. मात्र ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून गोठ्यात किंवा रस्त्यावर टाकू नये. गाय पिशवीसकट खाते, आणि पोटात साठलेला तो गोळा कोणत्याही औषधाने विरघळत नाही.

उरलेल्या ओल्या कचऱ्यासाठी परसात सावलीच्या जागी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व पाऊण मीटर खोल असे दोन खड्डे घ्यावेत. रोजचा कचरा टाकला की त्यावर मूठ-दोन मूठ माती किंवा राख आणि थोडे कुटार पसरावे. माश्या व वास येत नाही. हातात दाबल्यावर थेंब पडू नये पण हात ओला व्हावा, इतका ओलावा ठेवावा. एक खड्डा भरला की शेणमातीने लिंपावा आणि दुसरा सुरू करावा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत तयार होते. गांडुळे सोडणार असाल तर लिंबाची साले, तेलकट व खारट उष्टे टाळावे.

पण खरे सांगायचे तर स्वयंपाकघरातील कचऱ्याने एकरभर जमीनही पिकणार नाही. पाच माणसांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा धरला तरी वर्षाला साडेतीन क्विंटल होतो आणि कुजून त्याचे क्विंटल-सव्वा क्विंटल खत. शेतकऱ्याचा मोठा कचरा गोठ्यात आणि वावरात असतो: सोयाबीनचे कुटार, पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा. त्यासाठी आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी तयार केलेली नाडेप पद्धत सोयीची. विटांची १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेली टाकी बांधावी. १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो गाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर चार किलो शेणाचे पाणी, त्यावर पन्नास-साठ किलो माती, असे थर देत टाकी शक्यतो एक-दोन दिवसांत भरावी आणि शेणमातीने लिंपावी. १५ ते २० दिवसांनी कचरा खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपावी. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. या तीन टनांत मातीचा वाटा मोठा असतो, हे लक्षात घेऊनच एकरी मात्रा ठरवावी. थोडे शेण आणि भरपूर काडीकचरा ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी मात्र ही पद्धत अजूनही चांगली आहे. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून घालाव्यात. अख्ख्या घातल्या तर चार महिन्यांनी तशाच निघतात. त्या बांधावर रचून ठेवणेही नको, शेंदरी बोंडअळी त्यांतील बोंडांतच पुढच्या हंगामाची वाट पाहते.

कीटकनाशकाच्या कुप्या

हा आपल्या घरचा सर्वांत घातक कचरा, आणि सर्वांत बेफिकिरीने टाकला जाणारा. विहिरीच्या काठी, नाल्यात, उकिरड्यात, कधी स्वयंपाकघरात तेल ठेवायलाही ती कुपी दिसते. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जातील अशी उघड्यावर सोडता येत नाहीत. फवारणीचे द्रावण करतानाच कुपी तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावी आणि प्रत्येक वेळचे पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. एरवी त्या कुपीत तुमच्या पैशाचे औषधही शिल्लक राहते. मग बुडाला व बाजूला भोके पाडून ती निकामी करावी. भंगारवाल्याला देऊ नये, जाळू नये. संकलन केंद्र किंवा विक्रेत्याकडे परत देण्याची सोय असेल तर तेथे द्यावी. तोपर्यंत मुलांचा व जनावरांचा हात लागणार नाही अशा कुलूपबंद जागी, पोत्यात वेगळी ठेवावी. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि आच्छादनाचा फाटका कागद यांचे तसे नाही. ते माती झटकून, गुंडाळून सुक्या मालाप्रमाणे विकता येतात. आच्छादनाचा कागद नांगरण्यापूर्वी गोळा करावा. एकदा नांगराखाली फाटला की तो पुन्हा पुरता निघत नाही.

तयार खत, घरचे असो की शहराचे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वावरात लहान ढीग घालून महिनाभर उघडे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात नत्राचा बराच भाग उडून जातो. खत मृगाच्या तोंडावर, शेवटच्या वखरणीपूर्वी न्यावे, त्याच दिवशी पसरावे आणि त्याच दिवशी वखराने मातीत मिसळून घ्यावे.